अकरा दाणे

पहिला फटका नवसाबाईच्या खांद्यावर बसला आणि तिच्या मुठीतले भाताचे दाणे खळ्यावर उधळले. दुसरा मनगटावर बसला. तिची किंकाळी विहिरीच्या वाटेवर सुनेच्या, लताबाईच्या कानी गेली. भरला हंडा तिथंच सोडून लताबाई चढ चढत सुटली.

वर येऊन बघते तर खळ्याच्या मधोमध रोवलेल्या तिवड्याला, मळणीचे बैल बांधायच्या त्या खांबाला, म्हातारीला दाव्यानं करकचून बांधलेलं. लुगडं फाटलेलं, पांढऱ्या केसांतून रक्ताची धार कानामागं उतरत होती. समोर मल्हारी, हातात सागाचा दांडका. त्याच्यामागं त्याचा चुलता बारकू आणि पाड्यावरची वीस-पंचवीस माणसं. ह्याच माणसांनी परवा ह्याच म्हातारीच्या हातची पेज वाटी पुसून खाल्ली होती.

"गिळला! आत्ताबी गिळला!" बारकू आभाळाकडं बोट करून ओरडत होता. "बघा की, चमकतंय, न् आवाज कुठंय?"

दिवस नुकताच बुडाला होता. डोक्यावरचं आभाळ धुतल्यासारखं, एक चांदणीसुद्धा उगवलेली. फक्त पूर्वेला, अंजनेरीच्या डोंगरापल्याड, एकच ढग उंचच उंच चढलेला, आणि त्याच्या पोटात कुणी दिवा घेऊन ह्या खोलीतून त्या खोलीत पळत असावं तसा उजेड. आता इथं, आता तिथं. ना गडगड, ना वारा. असा मुका ढग पाड्यावर कुणी इतका वेळ पाहिला नव्हता.

विजेची चाल नवसाबाईलाच कळायची. खळ्यावर भात पसरला की ती मुठीत दाणे घेऊन बसे. वीज लवली की एकेक दाणा सोडी, गडगडाट झाला की थांबे. थोडेच सांडले तर "झाका रे!" म्हणून हाळी देई. पुष्कळ सांडले तर "असू दे, लांब हाय." सोडताना ओठांत पुटपुटे:

वीज बाई लवली, डोंगराच्या पाठी,
दाणा दाणा सांडिते मी, गडगडाटासाठी.

आज तीच मोजणी तिच्या जिवावर आली होती. त्या ढगाकडं बघत ती दाणे सोडत बसली, एक मूठ सरली, दुसरी घेतली, तरी आवाज येईना. बारकूनं ते पाहिलं. आणि चारच दिवसांपूर्वी मल्हारीचा धाकटा भाऊ योगेश विजेनं मेला होता. त्या दिवशीही म्हातारीनं दाणे मोजले होते. "लांब हाय, जा, बैल सोडून आण," असं तिनंच त्याला सांगितलं होतं. तो मोहाच्या झाडाखाली पोचला आणि वीज त्याच्यावरच कोसळली.

"आवाज ओटीत भरून ठेवला न् माझ्या भावावर रिता केला हिनं!" मल्हारीनं पुन्हा दांडका उचलला. "आज कुणाच्या घरासाठी भरतेस गं? बोल!"

 चार दिवस म्हातारीनं अन्नाला हात लावला नव्हता, हे एकट्या लताबाईला ठाऊक. फटका येताना ती मानसुद्धा चुकवत नव्हती.

लताबाई मध्ये घुसली. तो फटका तिच्या पाठीवर उतरला, डोळ्यांपुढं काळोख झाला, पण तिनं सासूला घातलेली मिठी सोडली नाही. कुणीतरी केस धरून ओढलं. कुणीतरी कमरेत लाथ घातली. एका बाईनं म्हातारीचं चेटूक उतरवायला, मिरच्यांची धुरी द्यायला विस्तव आणला.

"सर बाजूला, वहिनी! तुझ्यासंग वैर नाय आमचं," मल्हारी ओरडला.

"आता झालं वैर!" लताबाईच्या तोंडातून रक्त आलं, ते तिनं मल्हारीच्या पायापाशी थुंकलं. "अरे, आवाज गिळला म्हणतोस? देवळालीला तोफा उडत्यात, त्या कधी ऐकल्यास हितं बसून? त्याबी माझ्या सासूनंच गिळल्या व्हय?"

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

लताबाईनं देवळाली कॅम्पात दोन वर्षं संसार केला होता. तिथं लष्कराच्या तोफा उडाल्या की टेकडीवर आधी जाळ दिसायचा, मग दणका यायचा, आणि गावाकडं आलं की दणका पार नाहीसा. आवाज चालत येतो, चालून चालून थकतो, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिनं ते कानांनी अनुभवलं होतं. आणि तिचा नवरा सोमनाथ आजही तिथल्याच बाजारात, ढग दिसत होता त्याच दिशेला, बेकरीवर कामाला होता.

तिनं कमरेचा मोबाईल काढला. खळ्याच्या ह्या उंचवट्यावरच काय ती रेंज मिळायची. बारकूनं तिचा हात पिरगाळला. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली आणि स्पीकर लावला.

"लता? अगं, काय ऐकू येईना! लय पाऊस हाय हितं, कान फाटायला लागलेत!"

"ऐका. वीज दिसली की 'लवली' म्हणा. बाकी एक अक्षर बोलू नका."

"येडी झालीस का?"

"आयच्या जिवाचा सवाल हाय!"

सगळे ढगाकडं बघू लागले. विस्तव घेतलेली बाई तशीच उभी. ढग काळा होता, काळाच राहिला. मल्हारीचा दांडका वर होता. लताबाईनं खाली सांडलेले दाणे चाचपून मुठीत घेतले.

ढगाचं पोट पांढरंफेक झालं.

"लवली!" मोबाईलमधून सोमनाथ ओरडला, त्याच क्षणी.

लताबाईनं दाणा सोडला. एक. दोन. तीन. चार. आणि तिच्या तळहातावरचा मोबाईल असा कडाडला की विस्तववाली बाई दचकून मागं सरली.

"पुन्हा," मल्हारी म्हणाला. 

पुन्हा उजेड, पुन्हा "लवली!". ह्या वेळी दाण्यांबरोबर सगळं खळंच आकडे म्हणत होतं. सहाव्या दाण्याला कडाडलं.

"आवाज तिकडं हाय," लताबाई म्हणाली. "पंधरा कोसांवर. ढगाचं नुसतं डोकं दिसतंय आपल्याला. उजेड पोचतो, आवाज वाटंत मरतो. माझ्या सासूनं काय गिळलं नाय."

"लता, आय कशी हाय? अगं, बोल की!" मोबाईल ओरडत राहिला.

माणसं एकमेकांकडं न बघता मागं सरकू लागली. बारकू तर कधीच उतरणीला लागला होता. लताबाईनं दातांनी दाव्याची गाठ सोडली. म्हातारीचं मनगट भलत्याच कोनात लोंबत होतं.

हरसूलच्या दवाखान्यात न्यायला जीप आली. सासूला आत बसवून लताबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "दवाखान्यातनं मी पोलीस ठाण्यात जाणार. एकेकाचं नाव सांगणार. मल्हारी, तुझं पहिलं."

मल्हारीनं मान डोलावली. दांडका त्याच्या हातातच राहिला होता, ते त्याला आता कळलं असावं, कारण त्यानं तो खाली ठेवला. मग तो जीपच्या दारापाशी आला. लताबाई आडवी आली, पण तो म्हातारीशी बोलत होता.

"त्या दिवशी… किती पडले होते, आजी?"

नवसाबाईनं प्रथमच तोंड उघडलं.

"अकरा, बाबा. अकरा पडले होते. मला वाटलं, पुरतील."

तो तिथंच मातीत खाली बसला. डोंगरापल्याड ढग अजून आतल्या आत पेटत होता. लताबाईनं दार ओढून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चल."