आवाज तपासणी

जेवताना फोन टेबलावर ठेवायचा नाही, हा नियम कुठल्या घरात नाही? आणि तो पाळणारं घर कुणी पाहिलंय? या घरातही नियम होता. ज्याने तो केला त्याचाच फोन त्या रविवारी पाण्याच्या बाटलीला टेकून उभा होता, आणि दुसऱ्याच घासाला तो बोलू लागला.

"म… म… म… मी… म…"

बाईचा आवाज. एका शब्दापाशी अडलेला. पाठोपाठ कुणीतरी मागून चिकटवलेला माकडाचा चीत्कार आणि टाळ्या.

"कोण बोलतंय रे?" आत्याने विचारलं. घास हातातच राहिला.

"कोणी नाही गं. मेसेज आला की वाजतं ते." घरधनी हसला. "आमच्या ग्रुपमधली गंमत आहे."

शेजारी बसलेली त्याची लेक हसली नाही. तिने ताटातली भाजी आधी एका बाजूला सारली, मग दुसऱ्या.

हा घरधनी श्रवणयंत्रांच्या दुकानात कामाला होता. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या कानात यंत्र बसवायचं, समोर बसून सावकाश बोलायचं, "आता येतंय का आजोबा? आणि आता?" असं न कंटाळता विचारत राहायचं, हा त्याचा रोजचा धंदा. म्हातारी माणसं त्याच्या पाठीवरून हात फिरवून जात. असा माणूस वाईट असेल, असं तुम्हाला वाटेल का? मलाही वाटत नाही. म्हणून तर ही गोष्ट सांगायची.

संध्याकाळी मात्र तो 'पंच' व्हायचा. जुने व्हिडिओ गेम जपणाऱ्यांचा एक ऑनलाइन कट्टा होता. सगळे चाळिशीच्या आगेमागे, लहानपणी एकाच गेमवरून भावंडांशी गुद्दागुद्दी केलेले. शनिवारी सगळ्यांनी एकच जुना गेम खेळायचा, एकमेकांची 'धाव', म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा खेळ, बघायची, आणि कुणाची सरस ते पंचाने सांगायचं. कट्ट्यावर खरी नावं चालत नसत. एक होता मास्तर, एक डबा, आणि एक काजवा.

त्या महिन्यात ठरलं की नायिका असलेलेच गेम खेळायचे. पहिला मान 'दिवेवाली'ला. एक मुलगी हातात दिवा घेऊन पाणी भरत चाललेल्या खाणीत उतरते आणि आत अडकलेल्या कामगारांना वर काढते, एवढाच तो गेम. तलवार नाही, बंदूक नाही. कामगार हळू चालतात. एक तर लंगडा. त्यांना टाकून पळालं तरी गेम पुरा होतो, उलट लवकर होतो. म्हणून कट्ट्यावरचे यच्चयावत वीर त्यांना खुशाल बुडू देऊन एकटेच वर येत. काजव्याने मात्र अशी धाव पाठवली की सगळे बघतच राहिले. त्याची दिवेवाली वळणावळणाला थांबत होती. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याला आलं, तरी थांबत होती. लंगडा पोहोचला की मग पुढचं पाऊल. आणि शेवटी सगळेच्या सगळे वर!

"काजवा भाऊ, पाय पुढे करा, डोकं टेकवतो," मास्तरने लिहिलं.

त्यावर काजव्याचं उत्तर आलं. "भाऊ नाही, बाई आहे. इतके दिवस बोलले नव्हते. हा महिना नायिकांचा, म्हटलं आता सांगायला हरकत नसावी."

हरकत होती!

"नवऱ्याने खेळून दिलं का ताई?" "भावाच्या नावावर चाललंय सगळं." "बाई इतका वेळ खेळते, मग घरी उपास का?" दिवेवालीच्या हिमतीवर लांबलचक लेख पाडणारे, तिचं चित्र फोनवर लावून फिरणारे हेच सगळे. पडद्यावरची बाई त्यांना चालत होती. खुर्चीत बसून तिला चालवणारी चालेना.

पंचाने तोडगा काढला. कट्ट्यावर त्यानेच केलेला एक नियम होता. बाई म्हणवणाऱ्या सदस्याने आवाजाच्या खोलीत, म्हणजे माइकवर, यायचं आणि सगळ्यांसमोर ठरल्या वेळात म्हणायचं, "मी खेळले ती धाव माझीच आहे." याचं नाव आवाज तपासणी. पुरुषांना ही तपासणी नव्हती. का नव्हती? कुणी विचारलंच नव्हतं!

"मला बोलताना त्रास होतो," काजव्याने आधीच लिहिलं. "लिहून दिलं तर चालेल का?"

"नियम म्हणजे नियम," पंचाने कळवलं.

ती आली. "म…" म्हणाली आणि अडली. पुन्हा तिथूनच निघाली, पुन्हा तिथेच अडली. "कॅसेट अडकली!" कुणीतरी ओरडलं. "धक्का मारा रे, गाडी चालू होत नाही!" डब्याने तोवर रेकॉर्डिंग चालू केलं होतं. पंच हसत नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तो घड्याळ बघत होता. बहिऱ्या आजोबांसमोर दुपार दुपार बसून राहणाऱ्या त्या माणसाने माइक उघडला आणि म्हणाला, "वेळ संपली. धाव रद्द."

ती अजून त्याच शब्दावर होती.

डब्याने त्या आवाजाला माकड जोडलं, टाळ्या जोडल्या. कट्ट्यावरून ते दुसऱ्या ग्रुपवर गेलं, तिथून आणखी कुठे कुठे. आणि पंचाने ते आपल्या फोनला लावलं.

हे सगळं जेवताना त्याने आत्याला रंगवून सांगितलं. आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली, कानाला हेडफोन लावून लोकांचे फोन जोडून दिलेली.

"आमच्याकडे नंबर कमी मागायचे, आवाज जास्त," ती म्हणाली. "'बाई, जरा हसून बोला की.' 'बाई, पुन्हा म्हणा ना.' माझ्या शेजारी एक पोर बसायची, तिला 'र' म्हणता यायचा नाही. ते बाहेर कळलं. झालं! मग मेले मुद्दाम चार आणि बारा असलेले नंबर मागायचे. मागे चार जण खिदळताना ऐकू यायचे. एक दिवस तिने हेडफोन काढला, टेबलावर नीट ठेवला आणि गेली. पुन्हा आली नाही."

"आत्या, तो काळ वेगळा होता गं. ऑनलाइन असंच असतं. कातडी जाड करावी लागते."

"कातडी तिने जाड करायची आणि जीभ तुम्ही मोकाट सोडायची? छान वाटणी आहे!"

"अगं, नुसता गेम आहे तो."

"मग नुसत्या गेमसाठी शपथ कशाला घ्यायला लावलीस? आणि मला सांग, खाणीतल्या त्या लंगड्यासाठी ती थांबली. तिच्यासाठी तुमच्यातलं कोण थांबलं? इतकी वर्षं ते गेम खेळून शिकलास काय तू, बटणं दाबायला?"

त्याने आणखी भाजी वाढून घेतली. वाचकहो, उत्तर नसलं की आपण सगळेच काहीतरी वाढून घेतो.

शहाण्याचं ऐकून माणसं सुधारत असती तर गोष्ट इथेच संपली असती. तसं होत नाही. पुढच्या शनिवारी फोन त्याच आवाजात वाजत होता.

त्याची लेक दिवेवाली छान खेळायची. काजव्याची धाव बघून बघून तीही थांबायला शिकली होती. बापाला वाटलं, मित्रांना जरा दाखवावं.

"चल, आज कट्ट्यावर तू खेळ."

"नको बाबा. मी मुलांच्या ऑनलाइन खोलीत खेळते ना. तिथे मी वाघोबा आहे."

"वाघोबा?"

"तिथे मी मुलगा आहे. मग कोणी बोलायला लावत नाही."

हे वाक्य त्याच्या कानावरून नुसतंच निघून गेलं. श्रवणयंत्रवाल्याच्या कानावरून! "वेडी कुठली. बाबा पंच आहे तिथे," म्हणत त्याने तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला.

ती खेळली. खाणीत पाणी चढत गेलं, दिवा मिणमिणत राहिला, पोर थांबत थांबत सगळ्यांना वर घेऊन आली. कट्टा खूश! "पोरगी आहे की आग!" मास्तर म्हणाला. पंचाची छाती फुगली.

"पण पंच," डबा म्हणाला, "नियम म्हणजे नियम. आवाज तपासणी!"

खोलीभर हशा. कुणीतरी ते वाजवलंच, "म… म… म… मी…" माकड, टाळ्या. "बोल पोरी, नाहीतर वेळ संपेल!" सगळं मजेत चाललं होतं. डबा स्वतः दोन मुलींचा बाप, तेही सांगून ठेवते.

"बोल ना बाळा," पंचही हसत म्हणाला. "म्हण, मी खेळले ती धाव माझीच आहे."

घरभर पाढे ओरडत फिरणारी पोर. बोलण्यात कसला म्हणून दोष नव्हता तिच्या. तिने 'मी' म्हणायला ओठ मिटले आणि ते मिटलेलेच राहिले. हेडफोनमध्ये पुन्हा माकड. तिचे कान लाल झाले, हनुवटी थरथरायला लागली. समोरच्या माणसाच्या कानात काय शिरतंय ते त्याच्या तोंडावरून ओळखायचं, हाच त्याचा धंदा. बाप बघत राहिला.

तिने हेडफोन काढला, त्याच्या मांडीवर नीट ठेवला आणि हळूच विचारलं, "बाबा, वेळ संपली का?"

आणि तेव्हा त्याला ऐकू आलं!

त्याने माइक ओढला. "नियम रद्द," तो म्हणाला. आवाज चिरकला. "काजव्याची धाव पुन्हा पहिल्या जागी. चूक माझी. ज्याच्याकडे ती क्लिप असेल त्याने आत्ता पुसायची."

कुणीतरी फिसकन हसलं.

"पंच रडतोय रे!"

"घरात बायकांचं राज्य दिसतंय."

मास्तर खोलीतून निघून गेला. जेवणं व्हायच्या आत पंचाचं ते चिरकलेलं "नियम रद्द" माकड आणि टाळ्या लावून कट्टाभर फिरलं. त्याने ते एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकवलं नाही. काजव्याला तिचं ते किती वेळा ऐकावं लागलं असेल?

त्याने काजव्याला लांबलचक माफीपत्र पाठवलं. बरेच दिवस काही आलं नाही. मग एवढंच आलं:

"धाव परत लावलीत, बरं केलंत. क्लिप पुसली म्हणता. ती माझ्या ऑफिसात पोहोचली आहे. साहेब जागेवर नसले की कुणीतरी वाजवतं. मीटिंगमध्ये मी हल्ली बोलत नाही, लिहून देते. तिथे लिहून दिलेलं चालतं. गेम विकून टाकले. तुमच्या मुलीला सांगा, तिसऱ्या वळणावर थोडं आधी थांबली तर लंगड्याला धाप लागत नाही."

त्याने ते आत्याला दाखवलं. तिने चष्मा लावून सावकाश वाचलं.

"माफ केलं असं कुठे लिहिलंच नाही," तो म्हणाला.

"नाही लिहिलं. माफी मागितली की मिळालीच पाहिजे, असा नियम पण तूच केलास का?"

"मग मी आता काय करू?"

"थांब."

"किती?"

"पाणी गळ्याला येईपर्यंत ती थांबायची ना? तितकं तरी."

वाचकहो, पुरावा मागायचा असेल तर सगळ्यांकडे मागा, नाहीतर कुणाकडेच मागू नका. आणि कुणी एखाद्या शब्दावर अडलं असेल तर घड्याळ बघू नका, हसू नका, त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. थांबा. गंमत म्हणून तुम्ही पुढे पाठवलेला आवाज कुणाच्या तरी तोंडातून काढून घेतलेला असतो. तो पुसता येतो, परत देता येत नाही. तुमच्या खिशातला फोन कुणाच्या आवाजात वाजतोय, ते आज एकदा नीट ऐका!

कट्टा अजून चालतो. आता तिथे थोडेच लोक असतात. काजव्याचं नाव सगळ्यात वर आहे. ती काही आली नाही. लेक तिसऱ्या वळणावर थोडं आधी थांबते. नाव मात्र अजून वाघोबाच आहे. बाप शेजारी बसतो. 'नाव बदल' म्हणत नाही.