आधीच केलेल्या सह्या

ग्लेनिस गेली त्या गुरुवारी मी चादरींच्या खोलीत गाडी भरत होतो. वॉर्डची मुख्य नर्स डेल्मा आत आली आणि तिनं दार लावून घेतलं.

"बेव्हन, राहू दे ते. ग्लेनिस गेली रे. आत्ताच."

हातातल्या उशांच्या खोळी मी गाडीत ठेवल्या. मग विचारलं, "पाठीच्या जखमेनंच ना?"

"रक्तात विष पसरलं होतं," ती म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती.

टास्मानियाच्या किनाऱ्यावरच्या या हॉस्पिटलात मी एकवीस वर्षं वॉर्ड मदतनीस आहे. माझी बायको ग्लेनिस इथेच नर्स होती. शेवटची नऊ वर्षं तिचं एकच काम होतं. संशोधनातून जे सिद्ध झालंय, ते वॉर्डातल्या माणसांकडून रोजच्या कामात करवून घ्यायचं. ती स्वयंपाकघरात बसून ते जाडजूड लेख वाचायची आणि आम्हाला चार सोप्या वाक्यांत सांगायची. पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, हा तिचा मुख्य आग्रह. त्यासाठी तिनं खाटेला टांगायचा तक्ता केला. वळवलं की वेळ लिहायची, सही करायची.

"आली बघ फूटपट्टी," वॉर्डातल्या पोरी कुजबुजायच्या.

"ऐकू येतंय हं मला," ती म्हणायची. "मी सांगते म्हणून करू नका. मोजा, आणि मला खोटी पाडा."

तीन वर्षांचे तक्ते जमवून तिनं अहवाल लिहिला. माणसं कमी असली तरी हे वेळापत्रक पाळता येतं, असा त्याचा निष्कर्ष होता. दुसरी हॉस्पिटलं तो मागवायला लागली.

खरं असं होतं की बारा खाटांना आम्ही दोघंच मदतनीस असायचो. सकाळी सातला आलो की दिवसभराच्या सह्या करून टाकायचो आणि जमेल तेव्हा वळवायचो. सगळेच करायचे. मीही करायचो. अहवाल लिहिताना तिनं मला विचारलं होतं, "खरंच जमतं का रे तुम्हाला?"

"जमतं की," मी म्हणालो होतो.

फेब्रुवारीत तिला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आमच्याच वॉर्डात ठेवली. चौथ्या दिवशी दुपारी दीड वाजता मी गेलो, तर तक्त्यावर संध्याकाळी सहापर्यंतच्या सह्या झालेल्या. तिची नजर त्या कागदावर होती. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

मी तिला स्वतः वळवलं. डेल्माला काही बोललो नाही. बाकीच्यांचं असो, ग्लेनिससाठी तरी हे लोक खरं करतील, असं मला वाटलं. यांच्या पोरांच्या वाढदिवसांना केक तिनं केले होते. नऊ दिवसांनी तिच्या पाठीच्या जखमेवरचं ड्रेसिंग काढलं तेव्हा आत हाड दिसत होतं.

दफनानंतरच्या आठवड्यात डेल्मा घरी आली.

"प्रशिक्षणाच्या खोलीला तिचं नाव देतोय आम्ही. अहवालही सगळ्या जिल्ह्यांत पाठवणार. तू दोन शब्द बोलशील ना?"

"आणि सह्यांचं काय, डेल्मा?"

तिनं कप खाली ठेवला. "तुझ्याही आहेत त्यात."

"माहितीय मला."

"मग सांग जाऊन सगळ्यांना. तिचं नऊ वर्षांचं काम तिच्या नवऱ्यानंच मातीत घातलं म्हणतील लोक." तिचे डोळे भरले होते. "मला काय आनंद झालाय का रे?"

"तिला वळवलं असतं तर ती आज इथे बसली असती," मी म्हणालो. डेल्मा उठली आणि गेली.

समारंभाला मी गेलो नाही. अहवाल मात्र गेला. आता अकरा हॉस्पिटलं त्याच्या भरवशावर आहे तेवढ्याच माणसांत वॉर्ड चालवतात. तिथेही कुणीतरी खाटेवर पडून टांगलेला कागद बघत असेल.

ग्लेनिसच्या मृत्यूच्या चौकशीचा सरकारी फॉर्म टपालानं येऊन दोन महिने झाले, तो मी भरलेला नाही. तिचा अहवाल खोट्या सह्यांवर लिहिलेला आहे, हे मी अजून कुणालाही कळवलेलं नाही.