नदीतून परत आणलेली जीप

मी जीप बोलतेय. दचकू नका. माझं इंजिन बंद आहे आणि आत कुणी बसलेलं नाही. निदान दिसण्यासारखं तरी कुणी नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. हातोड्यांचा गलका, रंगाचा वास आणि कुणीतरी दारावर थाप मारून म्हटलेलं "चला, ही झाली", एवढंच. मला खरी समज आली ती डॉक्टरांच्या हाती पडल्यावर. डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर. जिथे रस्ता संपायचा तिथून त्यांचं काम सुरू व्हायचं आणि माझंही. चारही चाकांना जोर देणारा एक आखूड दांडा माझ्यात आहे. चिखल लागला की ते तो ओढायचे आणि म्हणायचे, "चला बाई, आता तुमची पाळी." बायकोला अगं-तुगं आणि मला अहो-जाहो. यावरून घरात बरीच थट्टा चालायची.

मागे औषधांची पेटी, दोरखंड, रबरी बूट आणि कधीच न वाळणारा एक टॉवेल असायचा. गाडी चालवताना डॉक्टर सारखे बोलत. वासरू पोटात आडवं का होतं, मुलगी गणिताच्या तासाला खिडकीबाहेर का बघते, सगळं मलाच सांगत. मी ऐकून घ्यायची. गाडीला दुसरं काय येतं?

त्या संध्याकाळी नदीपलीकडच्या गोठ्यातून निरोप आला. गाय अडली होती. बायको दारात येऊन म्हणाली, "वरच्या अंगाला पाऊस झालाय म्हणतात. सकाळी गेलास तर नाही चालणार?"

"गाय थांबेल गं, वासरू नाही थांबायचं," असं म्हणून डॉक्टरांनी मला चालू केलं.

पुढचं फक्त मला माहीत आहे, कारण तिथे दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा नदीवर पूल नव्हता, पाण्यातूनच वाट होती. आम्ही उतरलो. पाणी दिव्यांना लागलं तसे डॉक्टर थांबले. समोरच्या काठाकडे त्यांनी एकदा बघितलं. "नाही बाई," ते म्हणाले, "परत फिरू या." त्यांनी रिव्हर्स टाकला. मी जेमतेम हातभर मागे सरकले आणि इंजिनात पाणी शिरलं. मी बंद पडले. मग कमरेला दोर बांधून ते उतरले. दोराचं एक टोक मला होतं, दुसरं आमच्याच काठावरच्या झाडाला बांधायचं होतं. दोर ताणला गेला. मग सैल पडला.

दुसऱ्या दिवशी लोकांनी मला बाहेर काढलं. काका, म्हणजे डॉक्टरांचे धाकटे भाऊ, सगळ्यांत पुढे होते. चाकं काही केल्या फिरेनात, म्हणून साखळ्या लावून फरफटत ओढलं. पहिल्याच हिसक्याला माझा गिअरचा दांडा बुडाशी मोडला. डॉक्टर मात्र सापडले नाहीत. तेव्हाही नाहीत आणि नंतरही नाहीत.

माणसं गेलेल्या माणसाची एक गोष्ट करून टाकतात आणि मग तीच सांगत राहतात. डॉक्टरांची गोष्ट अशी झाली की ते हट्टी होते. पाणी दिसत असताना घुसले. काका हे प्रेमानेच सांगत. "दादा कधी मागे फिरलाच नाही," असं ते चारचौघांत अभिमानाने म्हणत. पण बायकोला ते वाक्य कुसळासारखं सलायचं. माझ्यापेक्षा, पोरीपेक्षा त्याला गाय मोठी वाटली, हे तिच्या मनात जे बसलं ते बसलंच.

मला तसंच फरफटत घरामागच्या गॅरेजमध्ये घातलं आणि दार ओढून घेतलं. मी गंजत गेले. आधी दारांच्या कडा, मग पाय ठेवायचा पत्रा. भंगारवाले विचारून जायचे आणि हात हलवत परतायचे. डॉक्टरांची बायको मला विकेना आणि माझ्याकडे बघेना. नाही, बघायची. दिवेलागणीला आत यायची, चालकाच्या बाजूला उभी राहायची आणि भांडायची. अगदी शांतपणे. "पोरीला नोकरी लागली. पंपांच्या कारखान्यात. तुला काय त्याचं?" "छत गळतंय. कुणाला सांगू?" डॉक्टरांना ना चिता मिळाली ना माती. मीच त्यांची जागा झाले होते.

आणि एक सांगायलाच हवं. दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळी आकसतो, त्याचा आवाज होतो, हे मी जाणते. पण आवाज पत्र्यातून यायचा नाही. चालकाच्या सीटमधून यायचा. स्प्रिंग दबायच्या आणि सुटायच्या, जसं कुणी आत बसून जरा कूस बदलावी. ती भांडता भांडता थांबायची. मग हळूच म्हणायची, "बरं, बस."

वर्षं गेली. मुलगी पंप जुळवता जुळवता फोरमन झाली. तिच्याही केसांत पांढरं दिसायला लागलं. एका सुट्टीच्या दिवशी तिने गॅरेजचं दार सताड उघडलं, बाह्या सारल्या आणि माझ्याखाली जॅक लावला.

आई स्वयंपाकघरातून तशीच ओल्या हातांनी आली. "काय करतेयस?"

"चालू करणार आहे हिला."

"कशाला?"

"आई, चाक सडून चाललंय. अजून थोड्या दिवसांनी खाली बसेल."

"बसू दे." ती चौकटीला टेकली. म्हणाली, "तू हिला नवी केलीस, की तो कुठे राहील?"

मुलीच्या हातातला पाना तसाच राहिला. पण तिने जॅक काढला नाही. "सीटला हात लावत नाही," एवढंच म्हणाली.

मग काम सुरू झालं. गंज सोडवणारं तेल मुरायला ठेवायचं, बोल्ट ठोकायचा, शिव्या घालायच्या, पुन्हा तेल. वायर ब्रशने पत्रा घासला तर गंजाबरोबर पत्राच गळून पडायचा. मग तेवढा तुकडा कापून नवा जोडायचा. चासीच्या पोकळीतून तिने तारेच्या आकड्याने गाळ ओढला. वाळून खडखडीत झालेला त्या नदीचा गाळ. आईने बादली पुढे केली. "बाहेर टाकू नकोस," म्हणाली. काका मदतीला यायचे, म्हणजे रिकामा डबा उपडा घालून त्यावर बसायचे आणि जे झालंय ते कसं चुकलंय हे समजावून सांगायचे. चहा मात्र वेळेवर पाहिजे.

जाम झालेलं इंजिन सुटलं, पण चाकं फिरेनात. "गाळाने धरलीत," काका म्हणाले. "पाण्यातून काढली तेव्हाही अशीच. दगड होती, दगड."

"तेव्हा तर गाळ वाळला पण नव्हता," मुलगी स्वतःशीच म्हणाली आणि तिने गिअरबॉक्सचं झाकण उघडायला घेतलं.

तुम्हाला काय सांगू मला काय होत होतं ते. इतकी वर्षं जे तोंडात धरून बसले होते, त्याच्यावरचे बोल्ट ती एकेक करून काढत होती.

झाकण निघालं. तिने दिवा धरला. आत चिकटून काळं पडलेलं तेल होतं. ते तिने फडक्याने पुसलं, बोटाने गिअरचे दात चाचपले आणि ती थांबली. पुन्हा पुसलं. पुन्हा बघितलं.

"काका, दांडा कधी मोडला होता?"

"ओढताना. पहिल्याच हिसक्याला. माझ्यासमोर मोडला. का गं?"

"त्याआधी आत कुणी चढलं होतं?"

"टपापर्यंत पाण्यात होती ती. कोण चढणार? साखळी लावली, ओढली."

ती उठली आणि दाराशी जाऊन तिने हाक मारली. "आई, जरा ये. आई, गाडी रिव्हर्समध्ये आहे."

आईला ते एकदम कळलं नाही. मग मुलीने तिचा हात धरून आत नेला, तिची बोटं त्या दातांवर ठेवली आणि सांगितलं, "हे असं असलं की गाडी मागे जाते. बाबांनीच हे पाण्यात टाकलंय, दांडा मोडल्यावर कुणाला बदलता आलंच नसतं. ते परत फिरत होते. घरी येत होते."

काका डब्यावरून उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले, पाठ करून.

आई माझ्या मडगार्डला धरून खाली बसली. रडली नाही. काळ्या झालेल्या बोटांकडे बघत म्हणाली, "मग इतकी वर्षं मी कुणाशी भांडत होते?"

त्या संध्याकाळी पत्रा आकसला. सीट गप्प होती. त्यानंतर तो आवाज मला कधीच ऐकू आला नाही. ते खरंच गेले, की आधीही नव्हते, हे मी सांगू शकत नाही. एवढं खरं की गॅरेज फार रिकामं वाटायला लागलं.

आता माझा रंग नवा आहे, ब्रेक लागतात, दिवे लागतात. आज सकाळी पहिल्यांदा बाहेर पडायचं ठरलं. आई इस्त्रीची साडी नेसून पुढे बसली. नदीवर आता पूल आहे. मुलीने तो येण्याआधीच गाडी हळू केली, पण आई म्हणाली, "थांबू नकोस. पलीकडे चल. त्या घरी."

पूल ओलांडला, मातीचा चढ चढलो आणि गोठ्याच्या अंगणात येऊन थांबलो. माझा आवाज ऐकून ओसरीवरचा एक फार म्हातारा माणूस भिंत धरून उठला. त्याची सून लगबगीने पुढे आली. "बाबांना दिसत नाही," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि कालचं-आजचं कळत नाही. काही बोलले तर मनावर घेऊ नका."

म्हाताऱ्याने माझ्या दिशेला तोंड केलं. चेहरा उजळला होता.

"आलात डॉक्टर?" तो म्हणाला. "गाय व्याली हो, आपसूक. वासरू उभंसुद्धा राहिलं. पण आलात, बरं केलंत. या, हात धुवायला पाणी देतो."

सुनेने मान खाली घातली. मुलीने आईकडे बघितलं.

आई सावकाश उतरली. पदर सारखा केला. अंगणातून चालत म्हाताऱ्यापाशी गेली आणि तिने त्याच्यापुढे दोन्ही हात धरले.

"हो, आलो," ती म्हणाली. "जरा उशीर झाला."

तो आता चाचपडत तांब्या शोधतोय. कुणी घाई करू नका. मी इथेच उभी आहे.