इस्त्री गरम असताना

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं शिंपीणबाईंचं झालं. शेजारच्या बेकरीवाल्याची बायको गेली, त्याच्या चौथ्या दिवशी प्रार्थना मंडळाच्या बायकांबरोबर त्या त्याच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, देवाला ती फार आवडली, म्हणून त्यानं बोलावून घेतली."



"मलाही आवडत होती," बेकरीवाला म्हणाला, आणि त्यानं दार लावून घेतलं.

याला नऊ दिवस झाले. भट्टी थंड. चर्चचे पाळकसाहेब दोनदा येऊन दार वाजवून गेले. शिंपीणबाईंनी दाराशी ठेवलेला डबा संध्याकाळी तसाच भरलेला परत यायचा. ज्या मैत्रिणीच्या भिंतीला भिंत लावून वीस वर्षं संसार केला, तिनं शेवटच्या दुखण्यात हात धरून एकच मागितलं होतं, "ह्यांना एकटं सोडू नकोस गं." आणि त्या एका गोड वाक्यानं शिंपीणबाईंनी तेवढंही घालवलं होतं.

दुपारी दुकानात एक पँट इस्त्रीखाली दाबताना वाफेचा वास नाकात गेला आणि त्यांना आई आठवली.

आई इस्त्रीवाली होती. कुणाच्या घरी दुःख झालं की चर्चमधल्या बाकीच्या बायका पाठ केलेली वचनं घेऊन निघायच्या. आई आपली कोळशाची इस्त्री उचलायची. जड, काळी, लाकडी मुठीची. दार उघडलं की म्हणायची, "कपडे पडले असतील ना? आणा इकडे." दुःखाच्या घरात कपडे नेहमीच पडलेले असतात. मग कोपऱ्यात घोंगडी अंथरून ती कामाला लागायची. कुणी बोलायला गेलं की म्हणायची, "इस्त्री गरम असताना मला बोलता येत नाही, कापड जळतं." धादांत खोटं! घरी इस्त्री करता करता ती अख्ख्या गल्लीची खबर घ्यायची, आणि एक सुरकुती राहायची नाही.

एकदा शाळामास्तरांच्या घरी मात्र गडबड झाली. मास्तर जाऊन आठवडा झालेला, मास्तरीणबाईंच्या डोळ्यांतून टिपूस नाही. आईनं गठ्ठ्यातले कपडे हाताला लागतील तसे केले आणि त्या नादात मास्तरांचा सदराही केला. कॉलर ताठ, गुंड्या लावून, घडी घालून सगळ्यात वर ठेवला. बायकांनी तोंडाला पदर लावले. आईच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण बाईंनी तो सदरा उचलला. गरम होता, नुकताच कुणाच्या अंगातून काढल्यासारखा. त्यांनी तो गालाला लावला आणि हंबरडा फोडला.

आई इस्त्री तशीच टाकून उठली, त्यांना कवेत घेऊन खाली बसली आणि स्वतःही रडली. मागे चादरीतून धूर निघाला. जन्मात एक रुमाल न जाळलेल्या बाईच्या हातून चादर जळत होती. सोबत आलेली तिची लेक, आजच्या शिंपीणबाई, ओरडली, "आई, जळतंय!" आई म्हणाली, "जळू दे."

किती वर्षं झाली! त्या घरातली प्रार्थना कुणी केली, काय केली, शिंपीणबाईंना आठवत नाही. तो जळका वास मात्र अजून आठवतो. प्रभूही मित्राच्या थडग्यापाशी आधी रडला होता, हे त्या दर रविवारी ऐकत आल्या होत्या. आपल्याला मात्र आधी बोलायची घाई झाली.

त्यांनी प्लग काढला आणि दुकानातली इस्त्री उचलली.

बेकरीवाल्याचं दार बऱ्याच वेळानं उघडलं. दाढी वाढलेली, अंगात मळका सदरा.

"ताई, पुन्हा देव घेऊन आलात?"

"नाही भाऊ. इस्त्री घेऊन आले. कपडे पडले असतील ना?"

तो दारातून बाजूला झाला.

पिठाच्या टेबलावर चादर घालून त्या कामाला लागल्या. चार सदरे, उशांचे अभ्रे, त्याचे पांढरे एप्रन. गठ्ठ्याच्या तळाशी लहान मापाचा एप्रन निघाला, खिशाला निळी पट्टी लावलेला. ती पट्टी शिंपीणबाईंनीच शिवली होती. त्यांनी तो हळूच बाजूला सरकवला.

बेकरीवाल्यानं तो उचलून पुन्हा टेबलावर ठेवला.

"हाही करा."

त्यांनी केला. बंद, खिसा, पट्टी, सगळं सावकाश. मग घडी न घालता तसाच गरम त्याच्या हातात दिला आणि पुढचा अभ्रा ओढला. त्यानं एप्रन दोन्ही हातांत धरला. "पहाटे भट्टी पेटवली की ती हा भट्टीजवळ टांगायची," तो म्हणाला. "म्हणायची, गरम एप्रन घातला की थंडी..." तो मटकन स्टुलावर बसला.

शिंपीणबाई त्याच्याजवळ गेल्या. खांद्यावर हात ठेवला. वचन एकही आठवलं नाही. आठवली ती मैत्रीण, आणि त्यांनाही रडू आवरेना.

त्यानं नाक ओढलं.

"ताई, अभ्रा जळतोय."

"जळू दे," शिंपीणबाई म्हणाल्या.