तुळशीच्या ओलीवर बोलणारा रेडिओ

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे की नवा, हे माझं मलाच सांगता येत नाही. माझं शरीर म्हणजे नळाच्या पाईपचा तुकडा आणि त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. पण आतला काचेच्या मण्याएवढा भाग बयाबाईंच्या बंद पडलेल्या रेडिओतून काढलेला आहे.

आमचं गाव नवलाख उंबरे. बयाबाई एकादशीचा उपवास दुसऱ्या दिवशी सकाळी, रेडिओवरचा अभंग ऐकूनच सोडायच्या. रेडिओ गेला आणि तो नेमही सुटला. त्याची त्यांना फार रुखरुख लागली. म्हणून शेजारच्या अनघाने, कारखान्याच्या सुट्टीत बसून, मला घडवलं. तिचा भाऊ सुरज हसायचा, "ताई, पाईपातनं पानी यील, गाणं न्हाई!"

पण गाणं आलं! मला वीज नको, सेल नकोत. छपरापासून जांभळापर्यंत बांधलेली तार आकाशातून माझा घास आणते. दुसरी तार मात्र ओल्या मातीत लागते. अनघाने ती तुळशीवृंदावनात रोवली, कारण तिथे बयाबाई रोज पाणी घालतात. इयरफोन कानाला लावला की पुण्याचं केंद्र हळू, पण स्पष्ट ऐकू यायचं. बयाबाईंनी लगेच आपला नेम पुन्हा धरला.

वैशाखातली एकादशी शनिवारी आली. त्या दिवशी माझा आवाज खोल गेला. रविवारी, उपवास सोडायच्या वेळी, मी मुकाच झालो. ताट वाढलेलं, आणि बयाबाई कानाला इयरफोन लावून तशाच बसलेल्या.

"मावशी, दोन घास खाऊन घ्या," सुरजबरोबर आलेली अनघा म्हणाली.

"अभंग ऐकल्याबिगर न्हाई गं."

"खोलून टाक त्याला," सुरज म्हणाला. अनघाने पकड उचललीही. तेवढ्यात तिला वृंदावनातली तडकलेली माती दिसली.

"मावशी, तुळशीला पाणी नाही घातलं?"

"काल एकादस, आज आयतवार, दोन्ही लागून आलं. या दिवशी तिला पानी घालत न्हाईत. तिचा बी उपास असतो."

"एकच तांब्या घालू?"

"आन् माझा उपास सुटावा म्हून तिचा मोडू व्हय?"

बयाबाईंनी हात जोडले, क्षणभर डोळे मिटले आणि एकदम हसल्या. "अगं, न्हाणीमागं अळू हाय न्हवं? तितं खोच तार. अळूला कसला आलाय उपास!"

अनघाने तार लांबवून सांडपाण्याच्या चिखलात खोचली. माझ्या अंगात ओल चढली. शेवटचा अभंग अजून चालू होता.

"बोलाया लागला!" बयाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पहिला घास सुरजच्या हातावर ठेवला. "खा, हसऱ्या."

मित्रांनो, घरातलं कुणी मुकं झालं, मग ती वस्तू असो की माणूस, तर पकड उचलायच्या आधी एवढं करा. त्याच्या मुळाशी ओल आहे ना, ते हात लावून पाहा.