जिवाला हाक

अलोर स्तार शहरातून आलेल्या मिसीनं, सरकारी नर्सनं, उकळत्या पाण्यातून चिमट्यानं सुई उचलली, तशी शाळेच्या कुंपणापाशी उभ्या आयांची कुजबुज थांबली.

ओळीत पहिली रोकिया. गुरुजींचीच मुलगी; दुसऱ्या कुणाच्या लेकराला पुढे उभं करणार? गेल्या रोज्यांच्या महिन्यात घटसर्पानं गावातली काही मुलं नेली होती. तरी आयांना धास्ती त्यावरच्या लशीच्या सुईचीच. मूल दचकलं की त्याचा जीव पाखरासारखा उडतो. तिथल्या तिथे हाक मारून तो परत बोलवावा लागतो. सरकारी सुईपुढे हाक कोण मारू देणार?

"गुरुजी, लेकीचा जीव उडाला तर?" म्हातारी सुईण सिती कमरेचं सारोंग सावरत ओरडली. "पोरीला हाक मारायला आईही नाही."

"सितीआजी, जीव म्हणजे काय कोंबडी आहे उडायला?" इद्रिस गुरुजी हसले.

"बघूच. हिला काही झालं, तर आम्ही आमची पोरं घेऊन चाललो."

रोकियानं बाही वर केली. रडायचं नाही, असं आबांनी, तिच्या वडिलांनी, बजावलं होतं.

सुई आत गेली. ती रडली नाही. पण अंगातून काहीतरी सुटलं आणि नारळांच्या शेंड्यांकडे गेलं. हात गार पडले, ओठ पांढरे झाले.

"गेला गं बाई!" सिती म्हणाली. दोन आया फाटक ढकलून आत शिरल्या आणि मुलांचे दंड धरू लागल्या.

तेवढ्यात मागून आवाज आला. हलका, लांबवलेला, संध्याकाळी कोंबड्यांना हाक घालतात तसा.

"कुर्र... ये गं माझ्या बाई... कुर्र..."

रोकियानं वळून पाहिलं. आबा मान खाली घालून हाक मारत होते. शब्द आईचे, हेलही आईचाच. तो त्यांना येतो, हे तिला माहीतच नव्हतं. तिच्या बोटांत हळूहळू ऊब आली.

शेजारच्या अंगणातल्या कोंबड्या धावत आल्या, पण कुणी हसलं नाही. हाक संपेपर्यंत मिसी थांबली. मग म्हणाली, "पुढचा कोण?"

मुलाचा दंड धरलेली आई त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"कुर्र... ये रे राजा..."

मग दुसरी. मग तिसरी. सारं अंगण हाकांनी भरून गेलं. जीव उडत होते, परत येत होते. रोकिया श्वास रोखून वर पाहत राहिली.