कढवलेल्या विरजणाचा खुलासा

विषय : ‘दही देऊन पाहिले, उपयोग नाही’ या शेऱ्याबाबत.
संदर्भ : खंडोजी यांची आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरची आहारवही, येलहंका.

मी विरजण बोलतोय. वरच्या शेऱ्यातलं दही म्हणजे मीच. शेरा मारण्यापूर्वी माझं म्हणणं कोणी ऐकलं नाही, म्हणून आता सांगतो.

एकेचाळीस वर्षांपूर्वी सकवारबाई लग्न होऊन होसकोट्याहून आल्या, त्या मला स्टीलच्या डबीत घेऊन. आईनं बजावलं होतं, “हे मोडू देऊ नकोस.” तेव्हापासून मी कोमट दुधात शिरतो, दही होतो आणि चमचाभर मागे उरतो. शेजारच्या धनलक्ष्मीअक्काही “स्वल्प द्या” म्हणून मलाच नेतात. सकवारबाईंचे यजमान खंडोजी, निवृत्त हेडक्लार्क, पाहुण्यांना सांगत, “घरात सगळ्यांत सीनियर हे विरजण. एक दिवस रजा नाही.” मला ते खरं वाटायचं.

मार्चमध्ये खंडोजींच्या आतड्याचा वीतभर तुकडा काढावा लागला. घरी आले ते निम्मे होऊन. जुलाब थांबेनात, भात पाहिला की तोंड फिरवायचे. डॉक्टर म्हणाले, अँटिबायोटिकांनी पोटातले चांगले जंतूही गेले असतील. घरचं ताजं दही दोन-दोन चमचे द्या, सोसतंय का बघू, असं चिठ्ठीवर लिहूनही दिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावानं लेखी आदेश निघाला होता.

सकवारबाईंनी दही घुसळलं आणि पातेलं गॅसवर चढवलं.

“अगं, दही म्हणालेत ते,” खंडोजी म्हणाले.

“गार दही? या पोटात? कढवून देते, म्हणजे निर्धोक.”

“सरी,” खंडोजी म्हणाले, म्हणजे कानडीत ‘बरं’. छत्तीस वर्षं साहेबांपुढे म्हणत आले, तसंच.

माझ्यात जे जिवंत असतं तेच कामाचं. उकळी आल्यावर पातेल्यात त्यातलं काही उरलं नाही. जिऱ्याची फोडणी मात्र छान बसली होती.

त्याचाही मला राग नाही. बाईंनी मायेनं केलं. राग पुढचा आहे. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला : दही सुरू आहे ना? वाटीतली कढी ढवळत खंडोजी म्हणाले, “हो सर, रोज.” वहीतही रोज ‘दही – होय’. आठवड्यानं जुलाब तसेच, म्हणून तो शेरा. खाली त्यांचीच सही, तारीख.

मी त्यांना बरं केलंच असतं, असा माझा दावा नाही. पण परीक्षेला बसूच न दिलेल्याला नापास कसं करता?

मग मुलगी संयोगिता कॅप्सूल घेऊन आली. डबीवर जिवंत जंतूंचा आकडा, अब्जांत. फ्रिजमधली माझी जागा डबीला मिळाली, घरात पाकिटातलं दही येऊ लागलं. एकदा संयोगितानं आहारतज्ज्ञ सुप्रीताला फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

“दही कसं देत होता, अक्का?”

“कढवून. चांगलं पातळ करून,” सकवारबाई म्हणाल्या.

“अय्यो! मग दही कुठं दिलंत? ती कढी झाली! आता न तापवता द्यायचं का, ते सर्जनना विचारून ठरवा.”

संयोगितानं वही उघडली. “अण्णा, तुम्ही तर ‘दही’ लिहिलंय.”

“कढी दह्याचीच होते,” खंडोजी म्हणाले आणि वर्तमानपत्रात शिरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकवारबाईंना रीतसर अर्ज लिहिला : ‘डॉक्टरांना विचारून दोन चमचे घरचे दही न तापवता मिळावे, ही विनंती.’ डॉक्टरांना फोनवर काय सांगितलं होतं, याचा अर्जात उल्लेख नाही. वहीतला शेरा तसाच आहे.

बाईंनी चष्मा लावून अर्ज वाचला. “विचारते. आधी कॅप्सूल संपू देत.”

मी खालच्या कप्प्यात, वाटीत चमचाभर. पाच दिवस दूध मिळालेलं नाही. कडेनं पिवळा पडलोय. जिवंत आहे, पण फार दिवस राहीनसं वाटत नाही. बाई, अर्जाचं काय व्हायचं ते होवो, मला कपभर कोमट दूध तेवढं द्या.

अर्ज फ्रिजच्या दारावर लावलेला आहे. त्यावर अद्याप निर्णय झालेला नाही.